दोन फायली एकत्र न आणता फरक शोधणे: आरसिंकची पार्श्वभूमी

धडगावच्या शाखेतून धुळ्याच्या मुख्य कार्यालयात रोज रात्री ५०० एमबीची हिशेबाची फाइल पाठवायची आहे आणि लाइनची अपलोड गती ५१२ केबीपीएस आहे, असे धरू. नुसती कॉपी करायची तर सव्वादोन तास लागतात, तेही लाइन मध्ये एकदाही तुटली नाही तर. दिवसभरात त्या फाइलमध्ये खरा बदल मात्र जेमतेम एमबीभर झालेला असतो. तेवढाच बदल पाठवता आला तर काम मिनिटभरात उरकेल. अडचण अशी, की नेमके काय बदलले हे कळायला जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ताडून पाहावी लागते. जुनी धुळ्याला आहे, नवी धडगावला.

या अडचणीवर आरसिंक (फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवणारे साधन) हे उत्तर सापडायला बरीच वर्षे लागली. फाइल पाठवण्याचा एफटीपी हा नियमसंच १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आणि तेव्हा एमआयटीत होते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स संचालन प्रणालीच्या आवृत्तीत आरसीपी ही दूरच्या संगणकावर फाइल कॉपी करणारी आज्ञा आली, पण दोन्ही साधने फाइल संपूर्णच पाठवत. त्यानंतरच्या ४.३ बीएसडीतली आरडिस्ट ही आज्ञा फाइलची तारीख आणि आकार पाहून न बदललेल्या फायली वगळू लागली. मात्र फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले, तरी ती सगळी जाई. दोन फायलींतला फरक दाखवणारी डिफ ही आज्ञा १९७० च्या दशकापासून होती आणि तो फरक जुन्या फाइलला लावणारी लॅरी वॉल यांची पॅच १९८५ मध्ये आली. या जोडीने फरकापुरते काम होई, पण डिफला दोन्ही फायली एकाच यंत्रावर लागत. म्हणजे गाठ तशीच राहिली.

ती सुटली कॅनबेरात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले अँड्र्यू ट्रिजेल (युनिक्स आणि विंडोज संगणकांत फायली वाटून घेऊ देणाऱ्या सांबाचेही मूळ लेखक तेच) आणि पॉल मॅकेरस यांनी जून १९९६ मध्ये आरसिंक जाहीर केले आणि त्याच महिन्यात पद्धतीचा तांत्रिक अहवालही काढला. ट्रिजेल यांच्या १९९९ च्या पीएचडी प्रबंधात तिची सविस्तर मांडणी आहे.

पद्धत अशी. ज्याच्याकडे जुनी फाइल आहे तो, म्हणजे धुळ्याचा संगणक, तिचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्याचे दोन चेकसम (मजकुरावरून गणिताने काढलेला, त्याची ओळख पटवणारा छोटा आकडा) काढतो: एक ३२ बिटांचा, हलका आणि झटपट निघणारा, दुसरा १२८ बिटांचा भक्कम, जो तेव्हा एमडी४ या सूत्राने काढत. तुकडे न पाठवता फक्त ही यादी धडगावला जाते. धडगावचा संगणक नव्या फाइलमध्ये त्या तुकड्यांशी जुळणारा मजकूर शोधतो. जुळला की तुकड्याचा फक्त क्रमांक पाठवतो, नाही जुळला की मूळ बाइट्स. धुळ्याचा संगणक त्यावरून नवी फाइल रचतो. शेवटी पूर्ण फाइलचा चेकसम ताडला जातो आणि तो चुकला तर त्या फाइलचे काम पुन्हा होते.

यातली खरी कल्पकता हलक्या चेकसममध्ये आहे. तुकडे ठरलेल्या जागीच जुळवले, तर फाइलच्या सुरुवातीला एक बाइट वाढताच पुढचे सगळे तुकडे सरकतात आणि एकही जुळत नाही. भुसावळच्या यार्डात मालगाडीला पुढून एक वाघीण जोडली की मागच्या प्रत्येक वाघिणीचा क्रमांक बदलतो, तसे. म्हणून धडगावचा संगणक प्रत्येक बाइटपासून सुरू होणारा तुकडा तपासतो. दरवेळी बेरीज नव्याने केली तर यंत्र दमून जाईल. मार्क अ‍ॅडलर यांच्या अ‍ॅडलर-३२ या चेकसमवरून सुचलेल्या या हलक्या चेकसममध्ये निघून गेलेला बाइट वजा करायचा आणि आत आलेला मिळवायचा, की पुढच्या जागेचे उत्तर तयार होते. हलका चेकसम जुळला तरच भक्कम काढायचा. मूळ अहवालात लिनक्स संचालन प्रणालीच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) १.९९.१० आणि २.०.० या आवृत्त्यांच्या सुमारे २४ एमबीच्या टार फायलींवर (अनेक फायली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांवर) या पद्धतीची चाचणी घेतली होती. आतल्या २,४४१ पैकी २९१ फायली बदललेल्या होत्या.

तुकडा केवढा असावा? लहान ठेवला तर यादी फुगते, मोठा ठेवला तर छोट्या बदलासाठीही बराच मजकूर जातो. आरसिंक साधारण फाइलच्या आकाराचे वर्गमूळ घेते आणि ७०० बाइटच्या खाली जात नाही. आपल्या ५०० एमबीच्या फाइलचे सुमारे २३ केबीचे तेवीसेक हजार तुकडे पडतात. तुकड्यामागे पूर्ण २० बाइट धरले तरी यादी अर्ध्या एमबीच्या आत राहते. शिवाय ही यादी शाखेच्या डाउनलोडच्या बाजूने येते, आणि आपल्याकडच्या अनेक लाइनींवर तीच बाजू वेगवान असते. किंमत चुकवावी लागते ती डिस्क आणि प्रोसेसरला: दोन्हीकडे पूर्ण फाइल वाचली जाते आणि सरकत्या तपासणीचा भार पाठवणाऱ्यावर पडतो. शाखेत जुना संगणक असेल तर वेळ तिथे जातो.

ही पद्धत कुठे निरुपयोगी ठरते, हेही तिच्या रचनेतूनच कळते. बॅकअप झिप करून पाठवला तर आतला एक आकडा बदलला तरी तिथून पुढचे जवळपास सगळे बाइट वेगळे होतात आणि फरक पाठवण्याचा फायदा संपतो. फाइल झिप न करताच पाठवावी आणि वाटेत आकसण्याचे काम आरसिंकच्या 'झेड' पर्यायावर सोडावे. पेनड्राइव्ह किंवा जोडलेल्या डिस्कवर कॉपी करताना आरसिंक मुद्दाम सांगितल्याशिवाय फरक काढत नाही, पूर्ण फाइल लिहिते, कारण तिथे वाचणे हेच मोठे काम असते. धुळ्यात जुन्या पोथ्या स्कॅन करणाऱ्यांच्या टिफ फायली एकदा बनल्या की बदलत नाहीत. तिथे उपयोग होतो तो आकार आणि वेळ पाहून झालेल्या फायली वगळण्याचा. पण मूळ वेळ जपणारा 'टी' पर्याय (तो 'ए' मध्ये येतोच) विसरला, तर पुढच्या वेळी प्रत्येक फाइल बदललेली वाटते.

लाइट जाण्याचा प्रश्न वेगळा. संपर्क तुटला तर अर्धवट आलेली फाइल आरसिंक टाकून देते. 'पार्शल' पर्याय दिला तर ती ठेवते, पण मूळ नावानेच, म्हणजे धुळ्याची कालची पूर्ण फाइल जाऊन तिथे आजची अर्धी बसते. म्हणून 'पार्शल-डिर' वापरावा; अर्धवट भाग वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो आणि पुढच्या खेपेला कामी येतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू असताना फाइल पाठवू नये. वाचता वाचता ती बदलली, तर पलीकडे अर्धी आधीची, अर्धी नंतरची अशी प्रत तयार होऊ शकते.

पुढच्या आवृत्त्यांमागेही अशीच ठोस कारणे होती. २००४ च्या २.६.० पासून दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या आरएसएचऐवजी एसएसएच (माहिती सांकेतिक रूपात नेणारा) हा ठरलेला मार्ग झाला, कारण आधीच्या मार्गावर सगळे उघड्यावर जाई. २००८ च्या ३.०.० पर्यंत सगळ्या फायलींची यादी पूर्ण झाल्याशिवाय पाठवणे सुरू होत नसे आणि लाखो फायली असल्या की मेमरी पुरत नसे. ३.०.० मध्ये यादी टप्प्याटप्प्याने होऊ लागली, एमडी४ च्या जागी एमडी५ आले, आणि फाइलनावांचे रूपांतर करणारा 'आयकॉन्व' पर्याय मिळाला.

हा पर्याय मराठीत विशेष लागतो. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. मॅकची एचएफएस प्लस ही फायली साठवण्याची जुनी व्यवस्था दुसरे रूप साठवते. लिनक्सला ही दोन वेगळी नावे वाटतात आणि सर्व्हरवर एकाच यादीच्या दोन फायली दिसू लागतात. 'डिलीट' (मूळ जागी नसलेल्या फायली पलीकडून पुसणारा पर्याय) चालू असेल तर त्यातली एक पुसलीही जाते, म्हणून आधी 'ड्राय-रन' (प्रत्यक्षात काही न बदलता रंगीत तालीम) करून काय पुसले जाणार ते पाहावे. लांब नावांचाही अडथळा असतो. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल व्यवस्थेमध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेते. विंडोजवर चाललेले ९० चिन्हांचे नाव तिथे अडते.

२०२० च्या ३.२.० मध्ये एक्सएक्सहॅश हा वेगवान चेकसम आणि झेडस्टँडर्ड ही आकसण्याची पद्धत आली आणि प्रोसेसरवरचा भार हलका झाला. जानेवारी २०२५ मध्ये ३.४.० ने अनेक सुरक्षादोष बुजवले. त्यातला सर्वांत गंभीर दोष पलीकडून आलेली चेकसमची लांबी नीट न तपासण्याचा होता. पोर्ट ८७३ वर (आरसिंकसाठी ठरलेल्या नेटवर्कच्या दारावर) आरसिंकची सेवा थेट इंटरनेटला उघडी ठेवली असेल, तर तिथली आवृत्ती आधी बदलावी. शाखांचे काम एसएसएचवरून चालत असेल तर ते पोर्ट बंदच ठेवता येते.