रेडिओ संभाषण, लहान विमानतळांवरील

नियंत्रण मनोरा नसलेल्या किंवा दिवसाचा काही काळच मनोरा चालू असलेल्या विमानतळावर वैमानिक आपले स्थान आणि पुढची हालचाल ठरलेल्या शब्दांत परस्परांना कळवतात, त्या पद्धतीला हे नाव देता येईल. उड्डाणाचे शिक्षण बहुधा गर्दीच्या विमानतळांपासून दूर, लहान धावपट्ट्यांवर चालते. महाराष्ट्रात बारामती, शिरपूर आणि गोंदिया येथे अशी केंद्रे आहेत. त्यामुळे विद्यार्थी वैमानिकाला विमान हाताळण्याबरोबरच ‘आर. टी.’, म्हणजे रेडिओ टेलिफोनी, अगदी सुरुवातीपासून शिकावी लागते.

मनोरा असलेल्या विमानतळावर नियंत्रक परवानगी देतो आणि वैमानिक ती शब्दशः परत म्हणून दाखवतो. मनोरा नसेल तेथे परवानगी देणारा कोणीच नसतो. वैमानिक केवळ निवेदन करतो आणि ते ऐकून इतरांनी आपापली जागा ठरवायची असते. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे 5,000 विमानतळ असून मनोरे जेमतेम 500च्या आसपास आहेत, त्यामुळे ही स्वयंनिवेदनाची पद्धत तेथे विशेष रुळली आहे. रेडिओची एकच वारंवारता (फ्रीक्वेन्सी) अनेक विमानतळ वापरत असल्याने निवेदनाच्या आरंभी आणि शेवटी विमानतळाचे नाव घेतात. मधला मजकूर थोडक्यात असतो : विमान कोणते, कोठे आहे, काय करणार. उदाहरणार्थ, ‘सेसना, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू सेव्हन, टच अँड गो’. एवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळते की हे विमान 27 क्रमांकाच्या धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जात आहे, पुढे डावीकडे दोनदा वळेल आणि टेकून लगेच पुन्हा उडेल.

हे संभाषण 118 ते 137 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, तरंगाच्या उंचीत फेरबदल करणाऱ्या ‘ए. एम.’ पद्धतीने होते. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. जमिनीपासून 1,000 फूट उंचीवरून फेरी मारणाऱ्या विमानाचा आवाज सपाट प्रदेशात सुमारे 70 किमी. पोचतो, तर टेकडीआड उभ्या असलेल्या विमानाला तो जवळूनही ऐकू येत नाही. दोघांनी एकदम बोलण्याचे बटण दाबले, तर ऐकणाऱ्याच्या कानी बहुधा किंचाळल्यासारखी शिटी पडते आणि बोलणाऱ्या दोघांना मात्र याचा पत्ता नसतो. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर आदळून 583 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ या अर्थाचा इशारा अशाच एकाच वेळच्या बोलण्यात दबला गेला होता. त्या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरण्याचा दंडक पडला. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात.

म्हणून विद्यार्थ्याने बोलण्याआधी ऐकावे, वाक्य मनात जुळवावे, बटण दाबून क्षणभर थांबावे आणि मगच तोंड उघडावे; घाईत पहिला शब्द कापला जातो आणि तो नेमका विमानतळाच्या नावाचा असतो. बटण अडकून दाबलेलेच राहिले, तर साऱ्या परिसराची वारंवारता बंद पडते. आकडे व अक्षरे यांचे उच्चारही ठरलेले आहेत. ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ खरखरीत एकसारखे ऐकू येतात, म्हणून ‘नाइनर’ आणि ‘फाइफ’ म्हणतात. नवख्या कानाला हे हास्यास्पद वाटते, पण पहिल्याच खरखरीच्या दिवशी त्याचा उपयोग कळतो.

तरीही वारंवारतेवर शांतता आहे म्हणजे आकाश मोकळे आहे, हा समज घातक होय. समोरचा वैमानिक चुकीच्या वारंवारतेवर असेल, आवाज कमी करून बसला असेल किंवा त्याच्याकडे रेडिओच नसेल. जे. आर. डी. टाटांनी 1932 मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणले, तेही रेडिओविनाच. उतरण्याच्या अंतिम टप्प्यावर वळण्यापूर्वी दोन्ही बाजूंना पाहणे रेडिओमुळे टळत नाही. शिक्षक ‘आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग बोला’ असा क्रम घोकून घेतात, कारण एकट्याने उडणारा विद्यार्थी वाक्य आठवण्याच्या नादात वेग गमावतो.

संकोच हा दुसरा धोका. 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलेल्या, कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीच्या विमानाच्या कर्मचाऱ्यांनी इंधन संपत आल्याचे सांगितले, पण आणीबाणी जाहीर केली नाही. 73 जण दगावले. जिवावर बेतले असता ‘मेडे’, त्याहून कमी निकडीला ‘पॅन-पॅन’ म्हणतात. चालू वारंवारतेवर कोणी उत्तर दिले नाही, तर 121.5 मेगाहर्ट्‌झवर बोलतात.

भारतात या संभाषणाची परीक्षा दीर्घकाळ दूरसंचार खाते घेत असे. ‘भारतीय वायुयान अधिनियम, 2024’ने ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आले.

रेडिओ बंद पडल्यास ट्रान्सपाँडरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला आपोआप कळवणाऱ्या यंत्रावर, 7600 हा अंक लावतात. मनोरा असेल, तर तेथून दिव्याने खुणा मिळतात : स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या घालत राहा. खूण कळल्याचे वैमानिक दिवसा पंख हलवून सांगतो आणि रात्री दिवे दोनदा लावून विझवतो.