मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातील हवाई अंतर सुमारे 7,200 किमी (साधारण 3,890 सागरी मैल) आहे. विनाथांबा विमानाला जाताना साडेनऊ ते साडेदहा तास लागतात. येताना साधारण तासभर कमी. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलाबार प्रिन्सेस’ हे विमान या मार्गावर पहिल्यांदा निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत गेले.

हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. होकायंत्राची एकच दिशा धरून गेल्यास सुमारे 200 किमी जास्त पडतात. ही जवळची वाट कच्छ, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन, जॉर्जिया आणि काळ्या समुद्रावरून युक्रेनकडे जाते. मात्र युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद झाले आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. मुंबईचे विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे वळू शकते, म्हणून त्याला दिल्लीच्या विमानाइतका मोठा वळसा पडत नाही.

जाण्यायेण्याच्या वेळेतला फरक मुख्यतः वाऱ्याचा. 10 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो, हिवाळ्यात अधिक जोराने. विमानाचा वेग ताशी 900 किमी आणि वारा सरासरी 50 किमी धरला, तर समोरून वारा असताना 8 तास 28 मिनिटे आणि पाठीमागून असताना 7 तास 35 मिनिटे होतात. हा झाला निव्वळ हवेतला हिशेब. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोवर उतरण्यापूर्वी घिरट्या घालाव्या लागल्या, तर आणखी काही मिनिटे जातात.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी केली की हिशेब चुकतो. लंडन मुंबईच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. जानेवारीत दुपारी 2 वाजता निघालेले विमान दहा तासांनी पोहोचते तेव्हा मुंबईत मध्यरात्र असते, लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा. लंडनहून पुढचे विमान पकडायचे असेल, तर मार्च-ऑक्टोबरमधल्या या बदलाच्या दिवसांत दोन्ही वेळा पुन्हा तपासाव्यात.

घरून निघताना वेगळा हिशेब लागतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणे सहारच्या टर्मिनल 2 वरून सुटतात. रिक्षा-टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगितले तर सांताक्रूझच्या टर्मिनल 1 ला पोहोचण्याची भीती असते. तीन तास आधी टर्मिनलवर असावे, कारण चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. पावसाळ्यात पश्चिम द्रुतगती मार्ग तुंबतो, तेव्हा घरून निघण्याची वेळ निदान तासाने अलीकडे आणावी.