नाव विचारायचं, सांगायचं नाही

आज घरी जायचं, म्हणून ६७ वर्षांच्या बाई वाट बघत होत्या. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, त्यावरचा उपचार आदल्या दिवशी नीट पार पडला होता. रात्री त्यांना मूळ वॉर्डाऐवजी कर्करोगाच्या वॉर्डात ठेवलं होतं, एवढाच बदल. सकाळी स्ट्रेचर आला: चला, हृदयाची तपासणी आहे. बाई म्हणाल्या, मला कुणी काही सांगितलेलं नाही, आणि मला ती नकोय. सिस्टरचं उत्तर होतं, तिथे गेल्यावर नाही म्हणा.

ती तपासणी दुसऱ्याच रुग्णाची होती. अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयातली ही घटना मार्क चॅसिन आणि एलिस बेकर यांनी २००२ साली रुग्णांची नावं बदलून प्रसिद्ध केली: मॉरिस आणि मॉरिसन. हृदयविभागातून मॉरिसनबाईंसाठी फोन गेला, त्या कर्करोगाच्या वॉर्डात हलवल्यात असं चुकीचं उत्तर मिळालं आणि तिथून मॉरिसबाई आल्या. तपासणी म्हणजे साधा ईसीजी नव्हे. मांडीच्या शिरेतून तार थेट हृदयात नेतात आणि ठोके मुद्दाम बिघडवून पाहतात.

मला या घटनेत सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी खटकलं होतं. केसपेपरमध्ये हृदयविकाराची माहिती जवळपास नाही, हे डॉक्टरांनी पाहिलं. तरी संमतीपत्रावर सही घेतली. मोठे डॉक्टर आदल्या संध्याकाळी खऱ्या रुग्णाला भेटले होते. ही बाई का कचरतेय याचं त्यांना फोनवर नवल वाटलं आणि त्यांनी मळमळीवर औषध द्यायला सांगितलं. मेंदूविभागाचा निवासी डॉक्टर तर तिथे येऊन विचारूनही गेला. आपल्या सरांनीच न सांगता तपासणी ठरवली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. चूक कळेपर्यंत सुमारे तासभर तपासणी चालू होती. बाई सुखरूप राहिल्या. लेखकांनी एकूण १७ चुका मोजल्या, आणि त्यातली कुठलीही एक एकटी हे घडवू शकली नसती.

अशा चुका विरळाच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मणक्याची ऑपरेशनं वगळता सुमारे १,१३,००० ऑपरेशनांमागे एकदा चुकीच्या जागी शस्त्रक्रिया झालेली आढळली. पण ज्याच्या वाट्याला ती येते त्याला या आकड्याचा काय उपयोग? २००० साली वेल्समध्ये एका रुग्णाचं रोगट उजवं मूत्रपिंड काढायचं होतं, काढलं गेलं निरोगी डावं. ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्या असलेल्या वैद्यकीय विद्यार्थिनीच्या हे लक्षात आलं, तिने बोलूनही दाखवलं. तिचं ऐकलं गेलं नाही.

म्हणून आता रुग्ण जागा असतानाच त्याच्या अंगावर मार्करने खूण करतात, आणि चिरा देण्याआधी सगळं थांबवून रुग्ण कोण, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती हे मोठ्याने बोलतात. अमेरिकेत २००४ पासून हा ठरलेला नियम आहे. ऑपरेशनच्या वेळी तपासून घ्यायच्या १९ मुद्द्यांची जागतिक आरोग्य संघटनेची यादी २००८ साली आली. तिचं काम अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. त्या यादीत एक साधी गोष्ट आहे: खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंका आली तर पुन्हा उघडतो. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. कॅनडातल्या ओंटारियोत मात्र १०१ रुग्णालयांत यादी लागू करूनही लक्षणीय फरक दिसला नाही. मला वाटतं, नुसत्या टिका मारल्या की यादीचा कागद होतो. थांबून बोललं तरच ती यादी.

रुग्णाच्या बाजूनेही एक बारकावा आहे. ‘तुम्ही पाटीलकाकू ना?’ असं विचारलं की घाबरलेला, उपाशी, कमी ऐकू येणारा माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘तुमचं पूर्ण नाव काय? आज कशाचं ऑपरेशन आहे?’ असं विचारलं तर त्याला स्वतःला सांगावं लागतं. तुमच्या आईला सकाळपासून चौथ्यांदा कुणी तिचं नाव विचारलं, तर ‘किती वेळा तेच तेच’ म्हणून तुम्ही मध्येच उत्तर देऊ नका. तिलाच सांगू द्या, आणि कुठला गुडघा तेही तिलाच हात ठेवून दाखवू द्या.