पणजीत घराचा रेट आणि पाऊस, मागची गोष्ट

पणजीत घर शोधणाऱ्याला जुनी माणसं अजून एकच विचारतात, पाणी कुठवर येतं. ह्या प्रश्नाचं मूळ फार जुनं आहे. जुने गोवे साथींनी ओस पडत गेलं, मलेरिया, कॉलरा, म्हणून 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने बिऱ्हाड पणजीला हलवलं आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. पण पणजी तरी कुठे कोरडी होती, माडांची भाटं, दलदल आणि खाडी, रायबंदरला जायला 1630 च्या दशकात मिठागरांमधून लांबलचक बांध घालावा लागला होता. कांपालसारखा भाग तर एकोणिसाव्या शतकात भर घालून उभा केलेला.

त्यामुळे उंचीला मान आला. आल्तिनोच्या टेकडीवर वारा खेळता, पाणी थांबत नाही, तिथे बिशपचा वाडा, साहेबांचे बंगले. खाली मळा, फोंताइन्यास, सांत इनेज ह्या वस्त्या खाडी आणि नाल्याला धरून वाढल्या. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जोराचा पाऊस आणि मांडवीची भरती एका वेळी आली की गटाराचं पाणी नदीत जाऊच शकत नाही, उलटं वर येतं, अठरा जून नावाच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं ते ह्याचमुळे. पूर्वी हे पाणी खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं, पोटात घ्यायची, भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं बंद, ओहोटीला उघडी, किती शहाणी व्यवस्था होती ती! आता त्यातल्या बऱ्याच शेतांवर भर पडलीय.

मांडवीपलीकडच्या पर्वरीचं उलटं झालं. नुसता सडा, म्हणजे कातळाचं पठार, विहिरीला पाणी नाही म्हणून पूर्वी कोणी विचारत नव्हतं, आणि 1986 च्या जुलैत भर पावसात मांडवीचा पूल पडला तेव्हा तर तिथल्यांना फेरीबोटच उरली. पुढे नवा पूल झाला, 2000 मध्ये विधानसभा तिकडे गेली, आणि ज्याला नापीक म्हणायचे तोच सडा आता चौरस मीटरला चांगला भाव खातो, कारण तिथे पाणी तुंबत नाही.

समुद्राचं मात्र मला खरंच पटत नाही. आपली जुनी घरं किनाऱ्यापासून आत, माडांच्या आडोशाला असायची, खारा वारा लोखंड खातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता मिरामार, दोनापावलला समुद्र दिसतो ह्याचेच पैसे. त्यात 1991 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमांनी भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत बांधकामावर बंधनं आणली, मोकळी जमीन कमी राहिली, भाव आणखी वर.

माझ्या मावशीचं घर मळ्यात, तळमजला. मे संपत आला की तिचा फ्रिज दोन चिऱ्यांवर चढतो. घर बघायला आजवर तीन गिऱ्हाइकं आली, तिघंही डिसेंबरात, आणि तिघांनाही तिने स्वतःहून भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली.