ड्रम कोरमधली सर्वसमावेशकता

ड्रम कोर म्हणजे अमेरिकेतल्या तरुण पोरापोरींचा मार्चिंग म्युझिकचा ग्रुप, फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा शो करणारा आणि त्यावर मार्क घेणारा. पितळी वाद्यं, ड्रम, मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेले मरिंबा-व्हायब्राफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायची पट्ट्यांची वाद्यं (याला पिट म्हणतात) आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी हवेत भिरकावून झेलणारा कलर गार्ड, एवढं सगळं मिळून एक कोर. स्पेलिंगमधे शेवटी पी आणि एस आहेत पण दोन्ही मुके, एनसीसीतला शेवटचा सी तोच शब्द, त्यामुळे कॉर्प्स म्हणू नये, तिकडची पोरं हसतात.

शाळा-कॉलेजच्या मार्चिंग बँडशी याची गल्लत होते पण हे प्रकरण वेगळंय, कोर ही स्वतंत्र संस्था असते आणि पोरं ऑडिशन देऊन देशभरातून येतात. ड्रम कोर इंटरनॅशनल, सगळे डीसीआय म्हणतात, ही मुख्य संघटना १९७१ ची. पहिली चॅम्पियनशिप १९७२ ला विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्समेननी जिंकली. हल्ली फायनल इंडियानापोलिसला होते. वयाची अट मुख्य गटांत एकच, २१ च्या पुढे साधारण बंद, बाकी कोणाला घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणजे सर्वसमावेशकतेची गोष्ट इथे कोरागणिक वेगवेगळी चालते आणि म्हणूनच ती सरळ रेषेत सांगता येत नाही.

मूळ सगळं सैनिकी. अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटना, चर्च, स्काउटचे ट्रूप, यांनी आपापल्या गावातल्या मुलांना बिगुल आणि ढोल देऊन परेडला उभं केलं, तिथून स्पर्धा सुरू झाल्या. मुलांना म्हणजे मुलग्यांना. मुलींचे वेगळे कोर होते, आणि जिथे एकत्र होते तिथे मुलगी बहुतेक झेंड्यापाशी. १९७० च्या दशकात हे बदलायला लागलं, बऱ्याच कोरांनी मुलींना हॉर्न (म्हणजे पितळी वाद्यं) आणि ड्रमलाइनमधे घेतलं आणि त्याच काळात फक्त मुलींचे कोर हळूहळू कमी होत गेले. एकत्र आल्यावर वेगळं घर मोडतं, हे असं होतंच.

मुलग्यांचंच ठेवायचं म्हणून अडून बसलेल्यांमधे दोन नावं मोठी, इलिनॉयचे कॅव्हेलिअर्स आणि विस्कॉन्सिनचे मॅडिसन स्काउट्स. मॅडिसनवाले १९३८ पासूनचे, स्काउट ट्रूपमधूनच निघालेले, आणि माजी मेंबरांचा जीव त्या भाऊबंदकीत (म्हणजे चांगल्या अर्थाने, आपल्याकडची जमिनीच्या वादातली नाही) अडकलेला. २०१९ च्या शेवटाकडे त्यांनी जाहीर केलं की पुढच्या सीझनपासून सगळ्यांना दार उघडं. मग २०२० चा सीझनच कोविडने खाल्ला, २०२१ ला डीसीआयने शो केले पण मार्क दिले नाहीत, त्यामुळे एवढ्या गाजलेल्या निर्णयानंतर खरोखर स्पर्धेत उतरायला २०२२ उजाडलं.

पण नियम उघडला की पोरी आल्या असं होत नाही, आणि याचं एक कारण फार कमी लोक सांगतात. डीसीआयमधे लाकडी फुंकवाद्यं नाहीत, बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन काहीच नाही. आता अमेरिकन शाळेत पाचवी-सहावीत पोरांना वाद्य वाटतात तेव्हा बासरी-क्लॅरिनेट मुलींकडे आणि ड्रम-ट्रॉम्बोन-ट्यूबा मुलग्यांकडे जातात, यावर एबलेस आणि पोर्टर या दोघांचा अभ्यास १९७८ सालीच आलाय आणि त्यानंतरही अनेक झाले. म्हणजे अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात जे वाद्य दिलं त्यानेच तिचा कोरचा रस्ता अर्धा बंद केला, कोणी नाही म्हटलेलं नाही आणि तरी ती बाहेर. मग अशा मुली काय करतात तर मेलोफोन हे पितळी वाद्य शिकतात, पिटमधे जातात, नाहीतर कलर गार्ड. कॉन्ट्रा म्हणजे खांद्यावर घ्यायचा तो भला मोठा ट्यूबा, दहा किलोच्या वर वजन, तो उचलून मुलगी उलट्या पावलांनी पळताना बघितली की पुण्यात कंबरेला ढोल बांधलेल्या पोरी आठवतात. हे मुलींना झेपत नाही असं सांगणारे काका दोन्हीकडे होते.

आता पैसा. खरी चाळणी इथे आहे. सीझन कसा असतो बघा, हिवाळ्यात महिन्यातून एक वीकेंड कॅम्प, त्याला पोरं विमानाने येणार, मेअखेरीपासून सलग रिहर्सल, मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टूर. रात्री शो, शो संपला की बस, बसमधेच झोप, पहाटे कुठल्यातरी गावातल्या शाळेच्या जिममधे उतरून लाकडी फरशीवर एअर मॅट्रेस टाकून उरलेली झोप, उठून कोरच्या फूड ट्रकसमोर ताट घेऊन लाइन, आणि उन्हात दिवसभर तोच दोन मिनिटांचा तुकडा परत परत. या सगळ्याची फी मोठ्या कोरमधे हजारो डॉलर, वर कॅम्पचं विमान, बूट, हातमोजे वेगळे. आणि फीपेक्षाही मोठा खर्च म्हणजे गेलेला उन्हाळा. ज्या पोराला कॉलेजच्या फीसाठी उन्हाळ्यात दुकानात काम करावं लागतं त्याने पैसे द्यायचेही आणि पैसे कमवायचेही नाहीत, हे गणित बसतच नाही. स्कॉलरशिप असतात, माजी मेंबर एखाद्या पोराला स्पॉन्सर करतात, कॅलिफोर्नियातल्या ब्ल्यू डेव्हिल्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड यांनी तर वर्षानुवर्षं बिंगोचे हॉल चालवून, म्हणजे आपली हाऊजी, त्यावर कोर पोसला. तरीसुद्धा व्हॅनगार्डसारख्या १९६७ पासूनच्या नावाला पैशापायी २०२३ ची टूर सोडावी लागली. संस्थेचीच ही गत तर पोरांच्या फीत किती सूट देणार.

वर्णाचा प्रश्न यातच गुंतलेला आहे, पण फक्त पैशाचाच नाही, शैलीचाही आहे. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांची मार्चिंगची परंपरा दणदणीत आहे, फ्लोरिडा ए अँड एमचा ‘मार्चिंग हंड्रेड’ विल्यम फॉस्टर यांनी १९४६ पासून घडवला आणि १९८९ ला फ्रेंच क्रांतीच्या द्विशताब्दीच्या परेडला तो पॅरिसला जाऊन आला. त्यांचं चालणं गुडघे उंच उचलून, नाच वाद्यांसकट, आणि सगळा संवाद प्रेक्षकांशी. डीसीआयचं चालणं उलट, पाय सरपटल्यासारखे, वरचं अंग दगडासारखं, वरून बघितल्यावर आकृती जुळली पाहिजे. दोन्हीत कष्ट तितकेच, पण परीक्षकांच्या कागदावर दुसऱ्या प्रकाराला रकाने आहेत. पहिल्या परंपरेत वाढलेल्या पोराने डीसीआयला यायचं तर आधी स्वतःची चाल विसरायची, आणि याला सामावून घेणं म्हणायचं का हा प्रश्न उरतोच. माझं मत विचाराल तर नाही.

पोशाखाच्या बाबतीत मात्र गंमत झाली. जुना वेश म्हणजे लष्करी जाकीट, उंच टोपी, पिसं. २०१५-१६ च्या पुढे बहुतेक कोरांनी ते टाकून अंगाला बसणारे, ताणता येणारे, दर शोला नवीन छापलेले कपडे घेतले. कारण होतं डिझाइन आणि पळापळी, पण त्यातून मुलाचा वेश-मुलीचा वेश हा भेद आपोआप पुसट झाला. ट्रान्स किंवा नॉन-बायनरी पोरांसाठी अडचण आता मैदानावर कमी आणि जिममधे जास्त, कोण कुठे झोपणार, कपडे कुठे बदलणार, दर दोन दिवसांनी नवीन शाळा आणि नवीन बाथरूम.

सुरक्षितता हा विषय सगळ्यात उशिरा आला. १९३४ पासूनच्या कॅडेट्स या कोरच्या संचालकावर २०१८ मधे नऊ महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, त्याने राजीनामा दिला, आणि पुढे जुन्या काळातल्या एका प्रकरणाच्या दाव्यानंतर २०२४ च्या सुरुवातीला तो कोरच बंद झाला. आधी मेंबर घेतले किती हे मोजायचे, त्यानंतर ते तिथे सुरक्षित आहेत का हेही विचारायला लागले.

भारतात तुलना करायची तर केंद्र सरकारची शाळांसाठीची राष्ट्रीय बँड स्पर्धा आहे, जानेवारीत दिल्लीला फायनल. तिच्यात चार गट, ब्रास बँड मुलगे, ब्रास बँड मुली, पाइप बँड मुलगे, पाइप बँड मुली. मुलींना बक्षीस नक्की मिळतं ही यातली चांगली बाजू, आणि एकत्र वाजवायची वेळच येत नाही ही दुसरी.

अपंगत्वाच्या बाबतीत डीसीआयचा मोठा गट अजून मागेच आहे, दिवसाला दहा-बारा तास धावणं हेच तिथलं भांडवल. त्याच्या बाहेर मात्र बरंच काही झालंय. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला फ्री प्लेयर्स नावाचा ड्रम कोर बौद्धिक आणि विकासात्मक अपंगत्व असलेल्यांचा आहे. आणि स्पर्धेतला नसला तरी ओहायोच्या अंध शाळेचा मार्चिंग बँड सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००५ ला सुरू झाला, प्रत्येक वादकाबरोबर एक डोळस स्वयंसेवक चालतो, हाताने दिशा देत. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड मैदानावर वळणदार अक्षरात ‘ओहायो’ लिहितो ते अख्ख्या अमेरिकेला माहितीये, तर या पोरांनी तेच ब्रेलमधे लिहायला घेतलं. चार अक्षरांना मिळून अकरा ठिपके लागतात. २०१० च्या ‘रोझ परेड’ला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या नववर्षाच्या मिरवणुकीत, ते रस्त्यावर चालले.