कोसंबी नकाशा-फलन

कोसंबी नकाशा-फलन : एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांमध्ये पुनःसंयोग (जुनी जोडी मोडून नवी जुळणे) किती टक्के झाला, या मोजणीवरून त्यांचे नकाशावरील अंतर काढण्याचे सूत्र. गणिती आणि प्राचीन भारताचे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी ते ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडले. लेख अवघा चार पानांचा आहे. त्याचे वर्ष काही ठिकाणी १९४३, बहुतेक ठिकाणी १९४४ दिलेले आढळते; येथे रूढ १९४४ धरले आहे.

जनुके जोडीने पुढच्या पिढीत जातात, हे प्रथम कोणी दाखवले याबद्दल एकमत नाही. कार्ल कॉरेन्स यांनी १९०० मध्येच एका बागेतल्या फुलझाडात गुण पूर्णपणे एकत्र जाताना पाहिले होते. पण टक्केवारीत मांडता येईल अशी अपुरी सहलग्नता (जनुकांचे जोडीने जाणे) बेटसन, सॉंडर्स आणि पनेट यांच्या गोड वाटाण्यातच स्पष्ट होते, म्हणून मान सहसा त्यांना दिला जातो. जांभळी फुले व लांबट परागकण यांचा लाल फुले व गोल परागकण यांच्याशी संकर करून दुसऱ्या पिढीत त्यांना ३८१ झाडांत जांभळी-लांबट २८४, जांभळी-गोल २१, लाल-लांबट २१ आणि लाल-गोल ५५ मिळाली. मेंडेलच्या ९:३:३:१ प्रमाणाने साधारण २१४, ७१, ७१, २४ यायला हवी होती. बेटसन यांनी याचा उलगडा काही जननपेशी जास्त वेळा विभागतात असा केला. तो टिकला नाही. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे जननपेशी बनतानाच्या विभाजनात, समजात (एकाच जोडीतली, आईबापांकडून एकेक आलेली) गुणसूत्रे एकमेकांना वेढा घालतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात, हे बेल्जियन पेशीशास्त्रज्ञ यान्सेन्स यांचे १९०९ चे निरीक्षण हाताशी घेऊन अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी १९११ मध्ये जे स्पष्टीकरण दिले तेच आज मान्य आहे : जनुके जितकी जवळ, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल, म्हणजेच क्रॉसिंग ओव्हर, कमी.

मॉर्गन यांचे विद्यार्थी स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये ड्रॉसोफिला माशीच्या एक्स गुणसूत्राचा पहिला नकाशा छापला (आकडे पुनःसंयोगाच्या टक्क्यांत) : पिवळे अंग ०.०, पांढरे डोळे १.०, शेंदरी डोळे ३०.७, लहान पंख ३३.७, खुरटे पंख ५७.६. या आकड्यांतच अडचण दडलेली आहे. पिवळे अंग आणि खुरटे पंख यांच्यामधला पुनःसंयोग थेट मोजला तेव्हा ३७.६ टक्केच भरला होता, ५७.६ ही मधल्या छोट्या टप्प्यांची बेरीज. दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली की टोकाची जनुके पुन्हा जुन्याच जोडीत येतात आणि मोजणीतून निसटतात. त्यामुळे अंतर कितीही वाढले तरी पुनःसंयोग ५० टक्क्यांच्या वर जात नाही.

निसटलेल्या अदलाबदली हिशेबात धरणारे पहिले सूत्र ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिले आणि अंतराच्या एककाला मॉर्गन यांचे नावही दिले. (हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले.) अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्रपणे होतात, असे त्यांनी गृहीत धरले. प म्हणजे पुनःसंयोगाचे अपूर्णांकातले प्रमाण घेतले, तर

अंतर = −५० × लॉग (१ − २प) सेंटीमॉर्गन (मॉर्गनचा शंभरावा भाग); लॉग नैसर्गिक.

प्रत्यक्षात एका अदलाबदलीच्या शेजारी दुसरी सहसा होत नाही. हा व्यत्यय म्युलर यांनी १९१६ मध्ये तपशीलवार मोजला. अपेक्षेच्या किती पट दुहेरी अदलाबदली मिळाल्या, तो संपात-गुणांक. हॉल्डेन यांच्या सूत्रात तो सर्वत्र १ असतो. कोसंबींनी तो २प मानला : अगदी जवळ शून्य, अंतर वाढेल तसा एकाकडे. त्यावरून

अंतर = २५ × लॉग [(१ + २प) ÷ (१ − २प)] सेंटीमॉर्गन,

आणि ओळीने १, २, ३ अशी जनुके घेतली तर लगतच्या दोन टप्प्यांची बेरीज प१३ = (प१२ + प२३) ÷ (१ + ४ × प१२ × प२३). गणिताच्या वाचकाला यात हायपरबोलिक टॅन्जंटचे बेरजेचे सूत्र लगेच ओळखू येईल. गृहीतक जीवशास्त्रातून सिद्ध झालेले नाही, सोयीने निवडलेले आहे. पण सोय मोठी आहे.

कल्पित उदाहरण घेऊ. तीन जनुकांच्या चाचणी संकरातून (संकरज मादी आणि तिन्ही अप्रभावी गुणांचा नर यांच्या) १,००० माश्या मिळाल्या : मूळ जोड्यांच्या ७५७, फक्त पहिल्या टप्प्यात अदलाबदल झालेल्या ९३, फक्त दुसऱ्यात १४३, दोन्हींत ७. सर्वांत कमी संख्येचा वर्ग मूळ वर्गाशी ताडून पाहावा; ज्या एका जनुकाची बाजू बदललेली दिसेल ते मधले. पहिला टप्पा (९३ + ७), म्हणजे १० टक्के; दुसरा १५ टक्के; टोके २३.६ टक्के. दुहेरी १५ अपेक्षित होत्या, म्हणून संपात-गुणांक ०.४७. हॉल्डेन यांच्या सूत्राने ११.२ + १७.८ = २९.०, पण टोकांवरून थेट ३१.९ येतात. कोसंबींच्या सूत्राने १०.१ + १५.५ = २५.६, आणि थेट काढले तरी २५.६.

मोजणीत चुका बहुधा गणिताआधीच होतात. ड्रॉसोफिलाच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होत नाही (रेशीमकिड्यात मादीत होत नाही), म्हणून संकरज मादीच घ्यावी लागते. माद्या कोषातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या नाहीत तर त्यांचा आधीच समागम झालेला असू शकतो. पिल्ले निघण्याआधी आईबाप बाटलीतून काढावेत. २५ अंश सेल्सिअसला पिढी सुमारे दहा दिवसांची असल्याने मोजणी अठराव्या दिवसापुढे नेली की नातवंडे मिसळतात. आईचे वय आणि तापमान यांनी पुनःसंयोगाचे प्रमाण बदलते, तेव्हा सगळ्या बाटल्या सारख्याच ठेवाव्यात. जोडीतले (एकमेकांच्या उलट गुणांचे) दोन वर्ग समसमान आले नाहीत तर अदलाबदलीपेक्षा आधी मरतुकीचा संशय घ्यावा; दुबळे उत्परिवर्ती अळीपणीच मरतात. गुणसूत्राचा तुकडा उलटा बसलेला असेल तर त्या भागात पुनःसंयोग जवळपास दिसतच नाही आणि दूरची जनुके नकाशावर एकमेकांना चिकटतात.

डीएनए खुणांवर (गुणसूत्रावरील ठरावीक जागी ओळखता येणाऱ्या डीएनएतल्या फरकांवर) आधारलेल्या पीक-नकाशांत संगणक दोन्ही फलनांचा पर्याय देतो. जवळजवळच्या खुणांसाठी फरक नगण्य असतो : ५ टक्क्यांना हॉल्डेन यांच्या सूत्राने ५.३ आणि कोसंबींच्या ५.०. ३० टक्क्यांना मात्र तो ४५.८ आणि ३४.७ असा होतो, म्हणून दोन नकाशांची लांबी ताडताना फलन कोणते ते आधी पाहावे. खुणेचे एक वाचन चुकले तरी दोन्ही बाजूंना खोटी अदलाबदल दिसते आणि नकाशा फुगतो. फलन बदलून ती चूक निघत नाही. स्वपरागणाने शुद्ध केलेल्या वाणांच्या संचात दिसणारे प्रमाण भ अनेक पिढ्यांचे साठलेले असते; ते प = भ ÷ [२(१ − भ)] असे आधी एका पिढीचे करून मगच फलनात घालायचे असते.