घटक कोणता धरायचा? बेळगाव जिल्ह्याच्या विभाजनामागची गोष्ट

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातले कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की चिकोडी आणि गोकाक हे वेगळे जिल्हे करा, ही मागणी पुन्हा ऐकू येते. मागणीत तथ्य आहे. अथणीच्या शेतकऱ्याला जिल्हाधिकारी कचेरीतल्या एका सहीसाठी सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर काटावे लागते. विधानसभेच्या १८ जागा असलेला जिल्हा एका कचेरीतून चालवणे कोणालाच सोपे नाही. तरीही विभाजन होत नाही. त्यामागचे कारण अंतराशी निगडित नाही, ते 'घटक' या एका शब्दात आहे, म्हणजे दोन राज्यांची हद्द आखताना जिल्हा, तालुका की गाव धरून वाटणी करायची, या प्रश्नात.

धारवाडचा उत्तर भाग तोडून १८३६ मध्ये हा जिल्हा झाला आणि पुढे मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. त्या वेळी घटक धरला होता जिल्हा. पण चंदगड तालुका मराठी म्हणून आधी बाजूला काढला गेला आणि आज तो कोल्हापुरात आहे. म्हणजे एका तालुक्यापुरता तालुका हा घटक चालला. मग शेजारच्या बेळगाव आणि खानापूरला तो का चालला नाही, हा प्रश्न सीमाभागातल्या तीन पिढ्यांनी विचारला आहे आणि तो रास्तच आहे.

१९५७ पासून मुंबई राज्याने आणि पुढे महाराष्ट्राने गाव हा घटक धरण्याची मागणी लावून धरली. त्याच्या जोडीला भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. १९६६ साली नेमलेल्या एकसदस्यीय आयोगाने पुढच्या वर्षी २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, असे सुचवले. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. गावांच्या याद्या करायच्या आणि शहरापाशी आल्यावर दुसरा निकष लावायचा, हे इथल्या मराठी माणसाला पटले नाही. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता १९९७ कडे येऊ, कारण आजची कोंडी तिथली आहे. त्या वर्षी राज्यात बागलकोट, गदग, हावेरी, कोप्पळ यांच्यासह सात नवे जिल्हे झाले. बेळगावचेही तीन भाग करण्याचे जाहीर झाले होते, पण विरोध होताच ते मागे घेतले गेले. विरोधकांचा मुद्दा अगदी उघड होता. गोकाक, रायबाग, अथणी यांसारखे कन्नडबहुल तालुके वेगळे झाले तर उरलेल्या बेळगाव जिल्ह्यात मराठीचा टक्का वाढेल आणि सीमाप्रश्नातला महाराष्ट्राचा दावा बळकट होईल. या भीतीपायी अथणीच्या माणसाचा प्रवास तसाच राहिला. त्याचा सीमाप्रश्नाशी काय संबंध होता?

टक्क्याला एवढे वजन का, हे कचेरीच्या खिडकीवर कळते. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणानुसार जिल्हा, तालुका किंवा पालिका यांपैकी जिथे अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही मिळायला हवेत. संपूर्ण जिल्ह्यात बहुसंख्या कन्नडची आहे, पण बेळगाव आणि खानापूर तालुक्यांचे चित्र वेगळे आहे. नियमात तालुका आहे, पालिकाही आहे. तरी साधारण २००० पासून जमिनीचे उतारे संगणकावर आले ते कन्नडमधूनच. आजोबांच्या नावचा जुना मराठी उतारा वाचू शकणारा नातू आज स्वतःच्या शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो. ही केवळ भावनेची बाब नाही. त्या कागदावर नाव, क्षेत्र आणि कर्ज लिहिलेले असते.

दरम्यान, कारभाराच्या सोयीसाठी जिल्हा मागच्या दाराने विभागला गेलाच आहे. शिक्षण खात्याचा चिकोडी हा स्वतंत्र शैक्षणिक जिल्हा आहे आणि दहावीचे निकाल वेगळे लागतात. लोकसभेला बेळगाव आणि चिकोडी असे दोन मतदारसंघ आहेत. खानापूरकर तर लोकसभेला कारवारकडच्या उत्तर कन्नड मतदारसंघात मतदान करतात. म्हणजे वाटण्या करता येतात, फक्त महसूल जिल्ह्यापाशी हात थबकतो.

पाण्याने अशी रेघ कधी पाळली नाही. बेळगाव शहराची तहान भागवणारा राकसकोपचा जलाशय चंदगडच्या हद्दीला लागून आहे आणि हिडकलला अडवलेली घटप्रभा महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून येते.

उद्या चिकोडी जिल्हा झालाच, तर निपाणी त्यात जाईल. निपाणीचा आता वेगळा तालुका झाला आहे. तिथल्या मराठी माणसाला बेळगावच्या टक्क्याचा आधार उरणार नाही, नव्या जिल्ह्याचा टक्का नव्याने मोजावा लागेल. म्हणून विभाजनाच्या आदेशातच तालुका आणि पालिका हे घटक मानून मराठीतून कागदपत्रे देण्याची तरतूद लिहून घेतली पाहिजे, जिल्ह्याची हद्द आखली जाण्याआधी.